एफटीओ : विकर, जनुकस्थान आणि निष्कर्षाची घाई

प्रस्तावना

डीएनए, आरएनए अथवा प्रथिने यांवरील मिथिल गट काढून टाकणाऱ्या विकरांना डिमिथिलेज असे म्हणतात. कोणते जनुक केव्हा व्यक्त व्हावे, हे ठरण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. वनस्पतींतील डिमीटर व आरओएस-१ ही विकरे २००२ मध्ये, तर मानवी पेशींतील हिस्टोन प्रथिनांवर कार्य करणाऱ्या एलएसडी-१ चे डिमिथिलेज स्वरूप २००४ मध्ये प्रकाशात आले. प्रस्तुत लेखात एफटीओ या एकाच विकराचा विचार केला आहे. मानवी रोग आणि पीकसुधारणा या दोन्ही संदर्भांत त्याचा उल्लेख केला जातो, हे त्याचे कारण होय.

जुहू येथे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या आवारात गृहविज्ञान महाविद्यालय आहे. शेजारच्या विलेपार्ल्यात विज्ञान महाविद्यालये आहेत. आहारशास्त्र व जीवशास्त्र यांचे अध्यापन असे हाकेच्या अंतरावर चालते. एकाच रेणूविषयी दोन वर्गांत दोन विसंगत गोष्टी सांगितल्या जाऊ नयेत, ही या लेखामागील भूमिका आहे.

पुण्याचा पुरावा

एफटीओ जनुकाच्या एका भागातील भेद स्थूलतेशी निगडित असल्याचे २००७ मध्ये ३८,७५९ युरोपीय वंशाच्या व्यक्तींच्या अभ्यासातून दिसून आले. जोखमीच्या भेदाच्या दोन प्रती असणाऱ्या प्रौढांचे वजन, एकही प्रत नसणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे ३ किलो अधिक होते. या भेदाचा मधुमेहाशीही संबंध आढळला. परंतु बीएमआय, म्हणजे वजन व उंची यांवरून काढलेला निर्देशांक, हिशेबात घेताच तो संबंध नाहीसा झाला.

पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक, हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील डॉ. गिरिराज चांडक व त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये भारतीयांविषयी वेगळे निरीक्षण मांडले. येथे बीएमआय हिशेबात घेतल्यावरही दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी असलेला संबंध बव्हंशी टिकून राहिला.

हे निरीक्षण मोलाचे आहे. तथापि त्याचा अर्थ लावताना सावधगिरी बाळगणे अगत्याचे ठरते. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली होती. दोघांचाही बीएमआय २२.३; मात्र शरीरातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! ज्या निर्देशांकाला भारतीय शरीरातील मेद नीट दिसत नाही, त्याच्या आधारे 'मेदाशी संबंध नसलेला परिणाम' सिद्ध झाला असे म्हणणे कठीण आहे.

विकर आणि जनुकस्थान

एफटीओ हे लोह व २-ऑक्सोग्लुटारेट यांच्या साहाय्याने कार्य करणारे डिमिथिलेज आहे, हेही २००७ मध्येच दाखविण्यात आले. आरएनएवरील एन-६-मिथिलॲडेनोसिन ही खूण ते काढते, असे २०११ मध्ये सिद्ध झाले. २०१७ मध्ये मात्र संदेशवाहक आरएनएच्या टोकाशी असणारी दुसरी, तत्सम खूण हेच त्याचे प्रमुख लक्ष्य असल्याचे प्रतिपादन झाले. म्हणजे विकर नेमके काय पुसते, याविषयीच मतभेद निर्माण झाले.

याहून गंभीर प्रश्न वेगळाच आहे. स्थूलतेशी निगडित भेद एफटीओच्या पहिल्या इंट्रॉनमध्ये आहेत. विकराची घडण त्यांमुळे बदलत नाही. २०१४ व २०१५ मधील संशोधनानुसार हा डीएनए-भाग दूरवरच्या आयआरएक्स-३ व आयआरएक्स-५ या जनुकांचे नियमन करतो आणि मेदपेशींची उष्णतानिर्मिती त्यांमुळे प्रभावित होते. अर्थात, एफटीओविरहित उंदीर सडपातळ राहिले (२००९) आणि त्याच्या अधिक प्रती असलेले उंदीर स्थूल झाले (२०१०), हेही विसरून चालणार नाही. विकराचा शरीरावर परिणाम होतो. परंतु पुण्यात मोजलेला भेद त्याच विकरामार्फत कार्य करतो, हे त्यातून सिद्ध होत नाही. घराच्या पाटीवर ज्याचे नाव, त्यानेच घरातील प्रत्येक काम केले असे मानण्यासारखीच ही चूक आहे.

भाताचा प्रयोग

२०२१ मध्ये शिकागो व पेकिंग विद्यापीठांतील संशोधकांनी मानवी एफटीओ जनुक भात व बटाटा या पिकांत घातले. शेतातील चाचण्यांत उत्पादन सुमारे ५० टक्क्यांनी वाढले. मुळांची वाढ व प्रकाशसंश्लेषणही वाढले. भातात स्वतःचे एफटीओ जनुक नसल्यामुळे येथे परिणामाचे श्रेय विकराला देता येते. मात्र 'माणसाला लठ्ठ करणाऱ्या जनुकाने भातही भरला' हे वाक्य कितीही आकर्षक वाटले तरी ते दोन भिन्न पुराव्यांची सरमिसळ करते. भातात विकर तपासले गेले. मानवी लोकसंख्येत डीएनएमधील एक स्थान तपासले गेले.

समारोप

हा केवळ परिभाषेचा वाद नव्हे. जनुकचाचणीच्या अहवालात 'एफटीओ' हे नाव वाचून एखादी विद्यार्थिनी आपला मधुमेह अटळ मानू लागेल, किंवा विकररोधक औषध हाच त्यावरील उपाय समजेल. यांपैकी कोणताही निष्कर्ष उपलब्ध पुराव्यातून निघत नाही. म्हणून अध्यापकांनी तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत : भेद कोठे आहे, तो कोणत्या जनुकावर परिणाम करतो आणि विकर कोणता रेणू बदलते? या तिन्हींची उत्तरे एकाच साखळीत जुळतील तेव्हाच रोगाचे कारण सापडले असे म्हणता येईल. तोपर्यंत पुण्याचे निरीक्षण आणि भाताचे पीक ही दोन्ही मोलाची मानावीत. परंतु एकाचा दाखला दुसऱ्यासाठी देऊ नये.