लोकप्रियता, प्रभाव आणि कुंभाराचं गाढव

आजचा विषय तरुण मित्रांनी सुचवला आहे. सुरुवातीच्या हिप-हॉप गटांमध्ये सर्वांत मोठा गट कोणता? चंद्रपुरात बसून न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या पोरांची तुलना कशाला करायची, असं पुढच्या रांगेतल्या काही ज्येष्ठांना वाटत असेल. पण हा प्रश्न आपल्या दंडारीला आणि खडी गंमतीलाही लागतो. तिथे आपण येणारच आहोत.

या वादात लोकप्रियता आणि प्रभाव हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. लोकप्रियता मोजता येते. किती तबकड्या खपल्या, यादीत कितवा नंबर लागला, संपलं. प्रभाव मात्र कार्यकारणाचा संबंध आहे, तो दाखवून द्यावा लागतो. आपल्या नैयायिकांनी यासाठी एक गमतीदार उदाहरण ठेवलेलं आहे. घडा व्हायच्या आधी माती आली, ती कुंभाराच्या गाढवाने आणली. मग गाढव घड्याचं कारण झालं का? नाही, ते अन्यथासिद्ध. गाढव तिथे होतं हे खरं, पण माती बैलबंडीतून आली असती तरी घडा तोच झाला असता.

आता शुगरहिल गँग घ्या. 1979 मध्ये त्यांचं 'रॅपर्स डिलाइट' आलं आणि अमेरिकेच्या मुख्य यादीत 36 व्या क्रमांकापर्यंत गेलं. ब्राँक्समध्ये ही कला 1973 पासून, म्हणजे कूल हर्कच्या त्या ऑगस्टमधल्या पार्टीपासून, गल्लीबोळात चालू होती. शुगरहिल गँग त्या गल्लीतली नव्हतीच. सिल्व्हिया रॉबिन्सन या निर्मातीने न्यू जर्सीत तीन पोरं गोळा केली. खालचं संगीत 'शीक' या गटाच्या गाण्यावरून घेतलं, आणि एका गड्याने म्हटलेल्या ओळी तर कोल्ड क्रश ब्रदर्सच्या ग्रँडमास्टर कॅझच्या. आता हे कोल्ड क्रश ब्रदर्स बघा. त्यांची मोठी तबकडी नाही, यादीत नाव नाही. त्यांच्या कार्यक्रमांच्या कॅसेटी हातोहात फिरायच्या. चार जणांनी आवाज एकमेकांत गुंफून कसं म्हणायचं, ते पुढच्या पोरांनी त्या कॅसेटींवरून उचललं. रन-डीएमसीच्या डीएमसीने हे ऋण जाहीरपणे मान्य केलेलं आहे. इथे घडा कोणाचा आणि गाढव कोण, हे आम्ही वेगळं सांगायची गरज नाही. गाढवाचा अपमानही करायचा नाही बरं का, माती गावाबाहेर नेली त्यानेच.

1982 चं 'द मेसेज' हे प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. नाव ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्हचं, पण लेखन बरंचसं ड्यूक बूटी याचं आणि आवाज मुख्यतः त्याचा आणि मेली मेलचा. फ्लॅशचा त्यात हात जवळजवळ नाहीच. तरी हे गाणं आल्यावर रॅप म्हणजे नुसती पार्टी राहिली नाही. पडक्या इमारती, काच, उंदीर, भाडं हा सगळा विषय झाला. विषयच बदलतो तेव्हा प्रभाव शोधायला भिंग लागत नाही.

खरा वाद रन-डीएमसी आणि पब्लिक एनिमी यांचा. आमच्यासारख्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या मंडळींचा कौल ठरलेला असतो, पब्लिक एनिमी. राजकारण आहे, विचार आहे, 1988 चा तो गाजलेला अल्बम आहे, 1989 मध्ये स्पाइक लीच्या चित्रपटातलं 'फाइट द पॉवर' आहे. रन-डीएमसी म्हणजे काय, तर काळ्या टोप्या, बिनलेसचे बूट आणि 1986 मध्ये एरोस्मिथ या रॉक बँडबरोबर चौथ्या क्रमांकावर गेलेलं 'वॉक धिस वे'. बाजारू, असं म्हणून मोकळं व्हायचं. आम्हाला हा कौल मान्य नाही. पब्लिक एनिमीचा आवाज म्हणजे जुन्या तबकड्यांच्या शेकडो तुकड्यांची भिंत. ती उभारायला स्टुडिओ हवा, कारागीर हवेत. 1991 च्या शेवटी बिझ मार्कीच्या खटल्याचा निकाल लागला, परवानगीशिवाय तुकडा वापरणं महाग पडू लागलं, आणि ती भिंत पुन्हा बांधणं जवळजवळ अशक्य झालं. उलट रन-डीएमसीने सगळं काढूनच टाकलं. दोन आवाज, एक ताल देणारं यंत्र, एक डीजे. बस. ज्याच्याकडे काही नाही त्यालाही ते जमतं. म्हणून इथे जो जास्त लोकप्रिय तोच जास्त प्रभावी निघाला. लोकप्रिय म्हणजे उथळ हा आपला जुना आळस आहे. विचारांचा प्रभाव पब्लिक एनिमीचा मोठा, हे कबूलच आहे. पण मुळात पोरांच्या तोंडाला शब्द दिला तो रन-डीएमसीने.

आता आपल्याकडे या. झाडीपट्टीचं नाटक आज तुफान लोकप्रिय आहे. वडसा हे त्याचं केंद्र. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी थंडीत रात्रभर नाटक चालतं. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, ती साऱ्या झाडीलाच मिळाल्यासारखी वाटली. पण या नाटकाला पडदे लागतात, दिवे लागतात, ध्वनीवाला लागतो, बाहेरून नट-नट्या आणाव्या लागतात. ते ज्या दंडारीतून वाढलं असं अभ्यासक मानतात, तिला गावातलेच गडी आणि गावातलंच वाद्य पुरायचं. खडी गंमतीतही तेच. उभ्याने गायचं, डफ-ढोलकी-तुणतुणं, आणि दोन शाहिरांची सवाल-जवाबाची जुंपली की पहाट व्हायची. ब्राँक्समध्ये याला बॅटल म्हणतात. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचं जे काम केलं, त्यामुळे या सगळ्याची भाषा तरी कागदावर राहिली.

मुंबईतही हाच हिशेब दिसतो. 2015 चं 'मेरे गली में' आणि 2019 चा 'गली बॉय' यांनी रॅप घराघरात नेला. त्या मानाने 'स्वदेसी' या गटाचे श्रोते कमी. पण त्यांनी 'वारली रिव्होल्ट'मध्ये आरेच्या जंगलातल्या प्रकाश भोईर यांचाच आवाज घेतला. पाहुणा म्हणून शोभेला नाही, गाण्याचा कणा म्हणून घेतला. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे हंड्रेड आरबीएच, वऱ्हाडीत रॅप करतो. मुंबईच्या पोरासारखं बोलायची त्याला गरज वाटली नाही. प्रभाव पडला तो असा. ढंग न्यूयॉर्कहून आला, जीभ घरचीच राहिली.

आपल्या जिल्ह्यांतली पोरं मोबाइलवर रॅप करतात ते आम्ही ऐकतो. ताल चांगला असतो. पण घरी झाडी, गोंडी नाहीतर माडिया बोलणारा पोरगा गाण्यात 'भिडू', 'बंटाय' म्हणतो, धारावीची गल्ली सांगतो. ही नक्कल झाली. तिला आम्ही प्रभाव म्हणणार नाही, कारण त्यात गाणाऱ्याचं स्वतःचं काही घडलेलंच नाही. 'द मेसेज'मध्ये ब्राँक्सची काच होती. इथे औष्णिक केंद्राची राख आहे, सुरजागडचं लोखंड नेणारे ट्रक आहेत, तेंदूपत्ता तोडायला पहाटे निघालेली आई आणि वाटेवरचा वाघ आहे.

आणि लयही आहेच. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाची घोषणा म्हणून बघा, हाताने ठेका धरून. 2009 मध्ये त्या गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. ती घोषणा कुठल्या यादीत चढली नव्हती. पण ती उचलायला गळ्याशिवाय काहीच लागत नव्हतं.