'कन्फेशन्स'मधील निनावी स्त्री

पश्चात्तापावरील प्रवचनात संत ऑगस्टीन यांच्या 'कन्फेशन्स'चा दाखला हटकून येतो, आणि तो बहुधा दोनच प्रसंगांचा असतो : कुमारवयातील नासपतींची चोरी आणि इ. स. ३८६ मध्ये मिलानच्या बागेत ढाळलेले अश्रू. हिप्पोचे बिशप असताना, इ. स. ४०० च्या सुमारास, त्यांनी लॅटिनमध्ये लिहिलेल्या या तेरा भागांच्या ग्रंथाचे मोठेपण आम्ही नव्याने सांगावे असे नाही. सारा ग्रंथ देवाला उद्देशून आहे. पापाची कबुली आणि देवाची स्तुती हे दोन्ही अर्थ 'कन्फेस्सिओ' या एकाच शब्दात आहेत, आणि ग्रंथातही ते वेगळे काढता येत नाहीत. आम्हांस मात्र येथे सहाव्या भागातील एका छोट्या परिच्छेदाविषयी लिहावयाचे आहे.

सुमारे पंधरा वर्षे ऑगस्टीन एका स्त्रीसमवेत राहिले. विवाह झालेला नव्हता. तरी आपण तिच्याशी एकनिष्ठ होतो, असे ते नमूद करतात. तिच्यापासून त्यांना अदेओदातुस हा पुत्र झाला. पुढे मिलानमध्ये, मातोश्री संत मोनिका यांच्या पुढाकाराने, एका अल्पवयीन मुलीशी त्यांचे लग्न ठरले. त्या लग्नाला अडसर म्हणून ही स्त्री आफ्रिकेला परतली. मुलगा बापापाशी राहिला. लग्नाला दोन वर्षे अवकाश होता. तेवढाही धीर न धरवून ऑगस्टीन यांनी दुसरी स्त्री जवळ केली.

यांतले काहीच ते लपवत नाहीत. आपले हृदय कसे फाटले, जखम कशी चिघळली, हे ते विलक्षण तीव्रतेने लिहितात. परंतु मूळ लॅटिन वाक्याची ठेवण पाहावी. ती स्त्री त्यांच्यापासून तोडली गेली, असा तो कर्मणी प्रयोग आहे. तोडणारा कोण, हे वाक्य सांगत नाही. रक्त वाहते ते त्यांच्या हृदयातून. पोटचे पोर मागे ठेवून जहाजात बसणाऱ्या आईचे काय झाले असेल, याला ग्रंथात जागा नाही. नासपतींच्या चोरीला दुसऱ्या भागाचा मोठा हिस्सा मिळतो, या स्त्रीला मोजकी वाक्ये. (त्या झाडाच्या मालकाची भरपाई झाली काय, हाही प्रश्न तेथे उद्भवत नाही!)

तिचे नाव गाळण्यात तिची अब्रू राखण्याचा हेतू असू शकेल; ती तेव्हा हयातही असेल. तरीही आमचे समाधान होत नाही. जक्कयाने प्रभूसमोर नुसते अश्रू ढाळले नाहीत. ज्यांना नाडले त्यांना चौपट परत देण्याचे त्याने कबूल केले. १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथातील १४५९ वा परिच्छेदही हेच मागतो : शेजाऱ्याची केलेली हानी शक्य तेवढी भरून द्यावी. पापनिवेदन करून हलक्या मनाने घरी जाणारा आणि वाटेत सख्ख्या भावाचे दार चुकवणारा माणूस आपल्या धर्मग्रामांत अनोळखी नाही. त्याला 'कन्फेशन्स'मधील अश्रू सोयीचे वाटतात, ही आमची खरी चिंता आहे.

मात्र त्याच परिच्छेदात आणखी एक वाक्य आहे, आणि प्रवचनकार ते क्वचितच उचलतात. निघताना त्या स्त्रीने, पुन्हा कोणत्याही पुरुषाशी संबंध ठेवणार नाही, असा देवाजवळ नवस केला. आणि आपल्याला मात्र एका स्त्रीचे अनुकरणही जमले नाही, असे ऑगस्टीन लिहितात. मिलानच्या बागेत त्यांनी जो निश्चय केला, तो तिने त्यांच्या आधीच केला होता. या ग्रंथातील विरक्तीची वाट तिने प्रथम चोखाळली. हे ऑगस्टीन यांच्या प्रामाणिकपणामुळेच आपल्याला कळते.

'कन्फेशन्स'नंतर लवकरच, इ. स. ४०१ च्या सुमारास, त्यांनी विवाहाच्या श्रेष्ठत्वावर एक लहान ग्रंथ लिहिला. प्रतिष्ठेची किंवा संपत्तीची दुसरी वधू मिळेपर्यंत एखादीला जवळ ठेवणारा पुरुष मनाने व्यभिचारीच होय, असा निवाडा त्यात आहे. आणि व्यभिचार घडतो तो त्या जवळ असलेल्या स्त्रीच्याच बाबतीत, असे ते बजावतात. उलट ती त्याच्याशी एकनिष्ठ राहिली आणि पुढे तिने अन्य विवाहाचा विचारही केला नाही, तर तिला व्यभिचारिणी म्हणण्यास आपण सहजी धजणार नाही, असेही ते म्हणतात. हा पुरुष कोण, ही स्त्री कोण, याचा उल्लेख तेथे नाही. प्रायश्चित्तकाळात 'कन्फेशन्स' हाती घेणाऱ्यांनी सहाव्या भागाला जोडून ही पानेही वाचावीत.