हेतुवाक्याचे बळ : अमेरिकेच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचा अर्थविचार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या राज्यघटनेतील दुसरी दुरुस्ती १७९१ साली संमत झाली. मूळ इंग्रजीत ती अवघ्या २७ शब्दांची आहे. सुव्यवस्थित नागरिकसेना स्वतंत्र राज्याच्या संरक्षणास आवश्यक आहे, असे तिचा पूर्वार्ध सांगतो. शस्त्रे जवळ ठेवण्याच्या व धारण करण्याच्या लोकांच्या हक्कास बाध येऊ नये, अशी उत्तरार्धाची आज्ञा आहे. या दोहोंचा संबंध कोणता, हे सांगणारे अव्यय मात्र वाक्यात नाही. बंदुकांवर राज्याने कितपत निर्बंध घालावा, या तेथील वादाचा मोठा भाग या अनुक्त संबंधाभोवतीच फिरत आला आहे.

राजधानी वॉशिंग्टनमध्ये १९७६ साली घातलेली पिस्तूलबंदी सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेलर खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द केली. बहुमताचे निकालपत्र लिहिताना न्यायमूर्ती स्कालिया यांनी उत्तरार्धाचा अर्थ आधी स्वतंत्रपणे निश्चित केला व मग पूर्वार्धाकडे वळून दोहोंत विसंगती नसल्याचे दाखविले. प्रस्तावना हेतू सांगते, आज्ञेला मर्यादा घालीत नाही, ही त्यांची भूमिका. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांना हा क्रमच अमान्य होता. त्यांच्या मते पूर्वार्ध हीच अर्थाची किल्ली असून हक्क नागरिकसेनेतील सेवेपुरता आहे.

पूर्वमीमांसेच्या अभ्यासकास हा वाद अपरिचित वाटू नये. सुपाने होम करावा, कारण त्याने अन्न सिद्ध होते, या आशयाच्या वचनावर हेतुवन्निगदाधिकरण रचले आहे. अन्न सिद्ध होणे हे कारण मानले, तर पळी, भांडे इत्यादी साधनांनीही होम करता येईल, असा पूर्वपक्ष. ते कारण नव्हे, सुपाची स्तुती करणारा अर्थवाद होय, हा सिद्धान्त. वरवर पाहता येथे स्कालिया यांना पाठबळ मिळते. परंतु तेथील प्रश्न हेतूने विधी विस्तारतो काय, असा आहे. अमेरिकेतील प्रश्न तो संकोचतो काय, असा आहे. शिवाय दुसरे एक अधिकरण अधिक जवळचे आहे. अग्निचयनात माखलेले खडे मांडावेत असे विधान आहे. कशाने माखलेले, हे विधीत नाही. तेथे वाक्यशेषात तुपाची स्तुती असल्यामुळे तूपच घ्यावे, असा निर्णय होतो. विधी असंदिग्ध असेल तर अर्थवाद गौण, आणि संदिग्ध असेल तर तोच निर्णायक.

तेव्हा ‘शस्त्र धारण करणे’ हा प्रयोग संदिग्ध आहे काय, एवढेच पाहावयाचे उरते. कृष्णाने शस्त्र न धरण्याची प्रतिज्ञा केली तेव्हा तिचा अर्थ न लढण्याचा होता, हे मराठी वाचकास सांगावे लागत नाही. इंग्रजी प्रयोगालाही असा लाक्षणिक सैनिकी अर्थ आहे. वाच्यार्थाची उदाहरणेही स्कालिया यांनी विपुल जमविली आहेत. पुरावा दोहों बाजूंस असता, आणि नऊ न्यायाधीश जवळजवळ समसमान विभागले असता, प्रयोगास असंदिग्ध म्हणणे धाडसाचे आहे. स्कालियांचा नियम बरोबर आहे. तो लावण्याची जागा चुकली. स्टीव्हन्स यांचे मतही निर्दोष नाही. पहिल्या व चौथ्या दुरुस्तीत ‘लोकांचा हक्क’ व्यक्तीव्यक्तीस मिळतो, मग येथेच तो नागरिकसेनेपुरता का, याचे त्यांनी दिलेले उत्तर समाधान करीत नाही.

न्यायमूर्ती ब्रायर यांनी वेगळाच प्रश्न घेतला. हक्क वैयक्तिक मानला तरी सार्वजनिक सुरक्षिततेसाठी त्यावर निर्बंध घालता येणार नाही काय? भरलेली बंदूक घरात नेण्यास बोस्टनमध्ये मनाई करणारा १७८३ चा कायदा त्यांनी पुढे केला. दारूगोळ्याने आग भडकेल, ही त्यामागील भीती. २०२२ च्या ब्रुएन निकालाने मात्र असा हिताहिताचा तोल पाहण्यास बंदी केली. निर्बंध ऐतिहासिक परंपरेशी जुळला पाहिजे, एवढीच कसोटी ठेवली. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. या कसोटीत हा आकडा मांडण्यास जागाच नाही. २०२४ साली रहिमी खटल्यात, घरातील व्यक्तीस धोका असल्याचे ठरवून ज्यास न्यायालयाने मनाई हुकूम दिला आहे, त्याच्या हाती बंदूक राहू द्यावी काय, असा प्रश्न आला. हुबेहूब जुना कायदा नको, तत्त्व जुळले तर पुरे, असे म्हणून ८ न्यायाधीशांनी निर्बंध राखला. एकटे न्यायमूर्ती थॉमस विरुद्ध गेले. ब्रुएनचे निकालपत्र त्यांनीच लिहिले होते.