प्रश्न शेवटी का?

आमच्या विभागात दर बुधवारी दुपारी एक वाजता लंच टॉक असतो. विषय बायोलॉजिकल फिजिक्स आणि सॉफ्ट मॅटर. म्हणजे जिवाणू, पेशी, जेल, फेस, टूथपेस्ट, शेंबूड: धड पाणी नाही, धड दगडही नाही असं सगळं. डबा उघडायचा आणि कुणाचं तरी अर्धवट काम ऐकायचं, निदान मूळ कल्पना तरी तशी आहे. चार वर्षं ऐकतेय. तक्रार एवढीच, की अर्धवट काम आता कुणी आणतच नाही.

आमच्या क्षेत्रातला कदाचित सगळ्यात प्रसिद्ध लेख हा मुळात एक टॉकच होता. एडवर्ड पर्सेल यांचा 'लाइफ ॲट लो रेनॉल्ड्स नंबर', अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये 1977 साली आला. टेपवरून उतरवून घेतलेलं भाषण, थोडंसं संपादन केलेलं. चित्रं भाषणात दाखवलेलीच. प्रयोग काय, तर पारदर्शक भांड्यात कॉर्न सिरप! सांगायचं होतं ते असं: जिवाणू इतका लहान, की त्याच्या जगात जडत्वाला किंमतच नाही, सगळं राज्य चिकटपणाचं. पोहणं थांबवलं की एका अणूच्या रुंदीपेक्षाही कमी अंतरात तो थांबतो. म्हणून शिंपल्यासारखं नुसतं उघड-मीट करून तिथे पुढे सरकता येत नाही. जेवढं पुढे, तेवढंच मागे. पर्सेल यांना नोबेल मिळालं होतं ते वेगळ्याच कामासाठी, 1952 मध्ये. जीवशास्त्रात ते पाहुणेच, आणि लेख वाचताना ते जाणवतं. मला त्यातलं हेच आवडतं.

आता गेल्या महिन्यातला आमचा एक टॉक. विषय: जिवाणू जेलमधून कसे पोहतात. स्लाइड्स देखण्या, आलेख गुळगुळीत. शिंपल्याचा नियम पाण्यासारख्या साध्या द्रवापुरता आहे, ताणलं की परत येणाऱ्या द्रवात तो मोडू शकतो, हे वक्त्याने फार छान समजावलं. जेल मात्र मिथाइल सेल्युलोजचं, बाटलीतून ओतलेलं. आणि शेवटच्या स्लाइडवर थेट पोटातला श्लेष्मा.

दहाव्या मिनिटाला मायक्रोबायोलॉजीची एक मुलगी म्हणाली, "पण पोटात आम्लता किती धरलीये?" उत्तर आलं, "प्रश्न शेवटी घेऊया ना." शेवटी दोन वाजले होते, खोली दुसऱ्या वर्गाला हवी होती.

प्रश्न किरकोळ नव्हता हो. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा पोटातला जिवाणू जेलमध्ये स्क्रूसारखा घुसतो, असं पूर्वी मानायचे. पण 2009 मध्ये दाखवलं गेलं की तो युरियापासून अमोनिया करतो, आजूबाजूची आम्लता कमी करतो, मग तिथला श्लेष्मा जेलचा पातळ होतो आणि हा त्यातून पोहतो. म्हणजे पोहणारा स्वतःच रस्ता बदलतोय! मग न बदलणाऱ्या जेलमधल्या वेगावरून पोटाबद्दल किती बोलायचं? एवढी एक चर्चा झाली असती तर त्या प्रबंधाचं एक प्रकरण वाचलं असतं, असं मला वाटतं. ती मुलगी त्यानंतर दोन बुधवार आली नाही.

वक्त्याला एकट्याला दोष देणार नाही. पुढच्या ओळीत गाइड बसलेले असतात, पोस्टडॉकच्या जागा मोजक्या, टॉक म्हणजे कॉन्फरन्सची रंगीत तालीम झालीये. मीही तेच केलं. मागच्या वर्षी माझ्या टॉकमध्ये मी एक व्हिडिओ गाळला, ज्यात माझे अर्धेअधिक जिवाणू काचेला चिकटून बसले होते. कुणी काही विचारलं नाही, टाळ्या मिळाल्या. पुढचे पाच महिने मी एकटीच त्या काचेशी झगडले. नंतर चहाच्या टपरीवर कळलं, की शेजारच्या लॅबमध्ये काचेला प्रथिनाचा थर देऊन हे कधीच सोडवलंय.

पुढच्या बुधवारी पुन्हा माझा नंबर आहे. तो व्हिडिओ दुसऱ्या स्लाइडवर टाकलाय, आणि मायक्रोबायोलॉजीच्या त्या मुलीला मेसेज केलाय: ये, आणि मध्येच बोल.