अतिदीप्त नवताऱ्यांच्या ध्रुवित प्रकाशाचे वाचन

दुसऱ्या दीर्घिकेत स्फोट पावणारा तारा, म्हणजे अतिदीप्त नवतारा, मोठ्या दूरदर्शकातूनही प्रारंभी बिंदुमात्रच दिसतो. त्या बिंदूच्या आकाराविषयी काही सांगण्याचे सामर्थ्य ध्रुवणात आहे. तप्त आवरणातील मुक्त इलेक्ट्रॉनांनी विखुरलेल्या प्रकाशाच्या कंपनांना विशिष्ट दिशा लाभते. आवरण गोल असेल तर सर्व बाजूंची ध्रुवणे परस्परांना निरस्त करतात. नसेल तर अल्पसा शेष उरतो. शापिरो व सदरलँड यांनी १९८२ मध्ये हे तत्त्व अतिदीप्त नवताऱ्यांना लावून दाखविले.

या विषयावरील लिफान वांग व जे. क्रेग व्हीलर यांचा २००८ चा समीक्षालेख आजही प्रमाणभूत मानला जातो. ध्रुवणाच्या दोन मापित राशी, क्यू आणि यू, एका प्रतलावर मांडल्या की प्रत्येक तरंगलांबीचा एक बिंदू मिळतो. हे बिंदू एका सरळ रेषेवर येतात की नाही, त्यांचे वेटोळे होते की काय, यावरून लेखकद्वयाने निरीक्षणांचे वर्ग पाडले आहेत. रेषा हे एका अक्षाभोवतीच्या सममितीचे लक्षण. वेटोळे हे त्या सममितीच्या भंगाचे. कारणाची चर्चा करण्यापूर्वी रूपाची नोंद करणारे हे वर्गीकरण शास्त्रीय शिस्तीचा उत्तम नमुना होय.

तथापि एक भेद अधिक ठळक व्हावयास हवा होता. वाटेतील आंतरतारकीय धूळही प्रकाशाचे ध्रुवण करते. तिच्यामुळे प्रतलावरील सर्व बिंदू जवळजवळ सारखेच सरकतात. म्हणजे मूळबिंदू ढळतो, पण बिंदूंची परस्परांतील रचना टिकते. म्हणून रेषा व वेटोळे यांवर उभारलेली विधाने भक्कम आहेत, तर ध्रुवणाच्या टक्क्यांवरून काढलेली चपटेपणाची मापे धुळीच्या वजाबाकीवर अवलंबून राहतात. लेखकांना ही अडचण पूर्ण ज्ञात आहे; परंतु सारांशात सर्व निष्कर्ष एकाच निश्चयाने, एकाच ओळीत येतात. शिवाय शून्य ध्रुवण म्हणजे गोल आकार नव्हे. लांबट वस्तू तिच्या अक्षाच्या दिशेने पाहिली तरी शेष शून्यच येतो. चिन्ह एक, अर्थ दोन, असा हा प्रसंग आहे.

वर्ग ताऱ्याचा नसून एका रात्रीच्या निरीक्षणाचा असतो, हेही विसरता कामा नये. आवरण पसरून विरळ होते तसे आतले थर दिसू लागतात. गाभा कोसळून होणाऱ्या स्फोटांत आतल्या थरांची विषमता अधिक असते, हा लेखातील महत्त्वाचा निष्कर्ष अशा क्रमवार वाचनातूनच निघाला आहे.

एप्रिल २०२४ मध्ये सुमारे २.२ कोटी प्रकाशवर्षे अंतरावरील एनजीसी ३६२१ या दीर्घिकेतील स्फोटाचे ध्रुवण चिलीतील व्हेरी लार्ज टेलिस्कोपने, शोधानंतर सुमारे २६ तासांतच मोजले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तो स्फोट ऑलिव्हच्या फळासारखा लांबट होता. या प्रतिपादनाचे खरे बळ टक्क्यांत नाही. प्रारंभीच्या प्रकाशाचा व नंतरच्या उत्सर्जित द्रव्याचा अक्ष एकच आढळला, यात आहे. वांग-व्हीलर यांच्या पद्धतीचे मर्मही हेच. एकट्या बिंदूला अर्थ नसतो. तो त्याला इतर बिंदूंशी असलेल्या संबंधातून प्राप्त होतो.