माहितीपत्रकातला वाघ

गेल्या उन्हाळ्यात ताडोबाची सहल ठरवताना एका प्रवास कंपनीचे माहितीपत्रक माझ्या हाती आले. पहिल्या पानावर वाघीण आणि बछडे; शेवटच्या पानावर ‘आम्ही वन्यजीव संवर्धनाला हातभार लावतो’ हे वाक्य. मधल्या पानांत वातानुकूलित खोल्या, पोहण्याचा तलाव आणि व्याघ्रदर्शनाची ‘दाट शक्यता’. संवर्धनासाठी किती पैसे, कोणाच्या हाती आणि कशासाठी दिले जातात, याचा मात्र एका ओळीचाही हिशेब नव्हता. या लेखात मला त्या ‘हातभारा’चीच तपासणी करायची आहे.

कायद्याच्या बाजूने पाहू. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. वन्यजीवांचे संरक्षण त्यात बसते. पण देणगी देणे वेगळे आणि जबाबदारीने धंदा करणे वेगळे. पाणवठा बांधायला पैसे देणारी कंपनी त्याच पाणवठ्यावर गाड्यांची गर्दी होईल अशी सहल विकत असेल, तर उरलेल्या ९८ टक्क्यांचे काय?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. जुलै २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन काही काळ थांबवले होते. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आली, गाभ्यातील पर्यटनाला २० टक्के क्षेत्राची मर्यादा पडली आणि बंदी उठली. तरीही ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे बछडे पर्यटकांच्या गाड्यांच्या गराड्यात अडकले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाईड निलंबित झाले. त्यांची चूक होतीच. पण वाघ दिसलाच पाहिजे ही अपेक्षा जंगलात तयार होत नाही. ती शहरात, माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर तयार होते. बक्षिसीच्या आशेने गाडी पुढे दामटणारा चालक हा त्या साखळीतला शेवटचा आणि सर्वांत दुबळा दुवा.

मग पर्यटन बंदच करावे का? मला तसे वाटत नाही. ताडोबाभोवतीच्या गावांतली अनेक घरे गाईड, जिप्सी आणि निवासव्यवस्थेवर चालतात. ज्या गावाची गुरे वाघ मारतो, त्या गावाला वाघापासून काहीच मिळत नसेल, तर संवर्धन फार काळ टिकणार नाही.

याच राज्यात दुसरा नमुनाही आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी २००२पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांच्या साथीने सागरी कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. जिथे पूर्वी अंडी पळवली जात, तिथे पुढे कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी राहतात, घरचेच जेवतात आणि पैसा थेट त्या घरात जातो. सकाळ-संध्याकाळ घरट्यावरची टोपली उचलली जाते. खाली पिल्ले असली तर समुद्राकडे सोडतात. नसली तर टोपली पुन्हा ठेवतात. तिथे वेळापत्रक कासवाचे असते, पाहुण्याचे नाही. इथेही गर्दीचा धोका आहेच. पण संवर्धन आधी आणि पर्यटन नंतर, हा क्रम महत्त्वाचा.

म्हणून कोणत्याही कंपनीच्या जबाबदारीची कसोटी मी तीन प्रश्नांत मांडतो. प्राणी दिसणार नाही, हे ती गिऱ्हाइकाला आधी सांगते का? पैशातला किती वाटा स्थानिकांच्या हाती पडतो, हे छापते का? आणि नियम मोडायला नकार देणाऱ्या चालकाच्या पाठीशी उभी राहते का?

माहितीपत्रक वाचून झाल्यावर मी त्या कंपनीला फोन केला आणि संवर्धनासाठी नेमके काय करता, असे विचारले. पलीकडून उत्साहाने उत्तर आले, “काळजी करू नका साहेब, वाघ नक्की दिसेल.”