बावन्न पानी पोथी

परमेश्वर चराचरात आहे हे आम्हांला मान्य आहे. पण तो पत्त्यांच्या कॅटातही आहे असं कुणी म्हटलं की आमच्यातला कारकून जागा होतो आणि हिशोब मागतो. टी. टेक्सास टायलर या अमेरिकन गायकाची १९४८ सालची ‘डेक ऑफ कार्ड्‌स’ ही तबकडी नेमकं हेच म्हणते. गाणं कसलं, सुरांच्या साथीनं सांगितलेलं छोटंसं कीर्तनच ते!

प्रार्थना चालू असताना एक शिपाई चर्चमध्ये पत्ते मांडून बसतो. अधिकाऱ्यापुढे उभा केल्यावर तो सांगतो, साहेब, हा कॅटच माझं बायबल. एक्का म्हणजे एकच देव. दुर्री म्हणजे जुना आणि नवा करार. तिर्री म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. असं करत करत दश्शी म्हणजे दहा आज्ञा, राणी म्हणजे मरियम आणि गुलाम म्हणजे सैतान! आता गुलामानं कुणाचं काय घोडं मारलं होतं? पण हुद्द्यानं तो आमच्या जवळचा, म्हणून आम्हांला ते लागलं असेल.

पुढं शिपाई म्हणतो, सगळे ठिपके मोजले तर ३६५ भरतात, वर्षाच्या दिवसांइतके. इथं मात्र आम्ही पेन्सिल काढली. एक्क्यापासून दश्शीपर्यंत बेरीज ५५. चार रंगांचे २२०. चित्रांना ठिपके नसतातच, तरी गुलामाचे ११, राणीचे १२, राजाचे १३ धरले तर आणखी १४४. एकूण ३६४. एका रुपयाच्या फरकापायी लेजरं चाळत रात्रीचे आठ वाजवलेली आमची जमात; अख्खा दिवस गहाळ झालेला तिला कसा चालावा? यावर जाणकार म्हणतात, जोकर घाला. म्हणजे सस्पेन्स खातंच की!

पण खरी उणीव बेरजेत नाही. या शिपायानं पत्ते मोजले, खेळले नाहीत. आकडे काय, कशालाही चिकटतात. त्याच कॅटातून आम्ही दशावतार आणि नवग्रहही काढून देऊ. हाच कॅट पोकरच्या टेबलावर गेला की मात्र पदरचं काही लावावं लागतं. श्रद्धेशी नातं असलंच तर ते तिथं.

हे पास्कालनं ओळखलं. या फ्रेंच गणितीनं १६५४ साली फर्माशी पत्रव्यवहार करून जुगारातल्या वाटणीचं गणित सोडवलं. पुढं त्याच्या मृत्यूनंतर १६७० साली निघालेल्या ‘पाँसे’मध्ये तर त्यानं देवावरच पैज मांडली: देव असला तर लाभ अनंत, नसला तर तोटा थोडका. कुठलाही मॅनेजर असा प्रस्ताव डोळे मिटून मंजूर करील. पण मग ही श्रद्धा म्हणायची की मुदत ठेव?

पोकरमध्ये जवळचं सगळं पुढं सरकवलं की त्याला ‘ऑल इन’ म्हणतात. मार्कच्या शुभवर्तमानातली गरीब विधवा तेच करते. मंदिरात श्रीमंत लोक भरभरून टाकत असताना ती दोन हलकी नाणी टाकते. तिची सारी उपजीविकाच ती. दिसायला ऑल इनच. फरक एवढाच, की पोकरवाल्याचा डोळा मधल्या ढिगावर असतो आणि हिला त्यातलं काही उचलायचंच नव्हतं.

आणि पानं टाकून देण्याचं म्हणाल, तर पेत्रानं एका रात्रीत, कोंबडा आरवायच्या आत, ती तीनदा टाकली. येशूला आपण ओळखतच नाही म्हणाला. पोकरच्या नियमानं पानं टाकणाऱ्याचा त्या डावावरचा हक्क संपला. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र येशू त्यालाच पुन्हा जवळ घेऊन तीनदा विचारतो, तुझं माझ्यावर प्रेम आहे का, आणि आपली मेंढरं त्याच्याच हवाली करतो. पोकरच्या कोणत्याही टेबलावर हे चालायचं नाही. बँकेत तर नाहीच. तीन हप्ते चुकवणाऱ्याच्या हाती तिजोरीची किल्ली कोण देईल?

तिथल्या हिशोबात मात्र एका दिवसाच्या फरकासाठी कुणी रात्री बसत नसावं.